पाणी बाटलं का, ते बाटलीला विचारा

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली. तळं बाटलं म्हणून बोंब ठोकणाऱ्यांनी मग त्यात काय ओतलं? शेण, गोमूत्र, दूध, दही. वर मंत्र. झालं शुद्ध! माणसाच्या हातानं बाटणारं पाणी शेणानं शुद्ध होतं, ही यांची प्रयोगशाळा.

आपली वेगळी. एच-टू-एसची चिमुकली बाटली. खुणेपर्यंत पाणी भरा, उबेला ठेवा, एक-दोन दिवस थांबा. काळी पडली तर पाण्यात विष्ठा उतरल्याची पक्की शंका. पाटलाची विहीर की कातकऱ्याची, बाटली विचारत नाही.

आता डोळखांबला चला. याच शहापूर तालुक्यातलं भातसाचं पाणी गाळून, क्लोरीन मारून मुंबईत तुमच्या नळाला येतं. इथं परसातल्या खाजगी विहिरीची जबाबदारी मालकाची, म्हणजे कुणाचीच नाही. 'नितळ हाय की, आजा हेच प्याला!' प्याला ना. हगवणीनं त्याची किती पोरं गेली, कुणी मोजली? जंतू डोळ्यांना दिसत नाही. खतातला नायट्रेटही दिसत नाही. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेला तर धोका, आणि तो उकळूनही जात नाही. त्या पाण्यात कालवलेलं दूध पिऊन तान्हं पोर निळं पडू शकतं.

सुट्टीत गावी जाणाऱ्या पोरा, भाषण नको ठोकूस. पावसाआधी एकदा, नंतर एकदा नमुना घे. ग्रामपंचायतीत तपासणी किट माग, भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेचा पत्ता माग. बाटली काळी झाली तर घरी पाणी उकळायला लाव, विहिरीत टीसीएल टाकायला लाव, आणि बाटली ग्रामसभेत टेबलावर नेऊन ठेव.