शंकेला जागा

गेल्या हिवाळ्यात डिचोलीला गाण्याच्या निमित्ताने चार दिवस काढून मोपाच्या पठारावरून परत निघालो, तेव्हा विमानाच्या खिडकीतून खाली उभे असलेले एक गृहस्थ दिसले. कानावर हेडफोन, त्याची तार थेट विमानाला जोडलेली. विमान मागे ढकलतो तो ट्रॅक्टर, आणि वैमानिकाला मागचे काहीच दिसत नाही. ब्रेक सोडला, ढकला, थांबा, सारा कारभार या दोघांच्या बोलण्यावर. मला गवई आणि तबलजी आठवले.

पेडणे तालुक्यातला हा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे हैदराबादला निघालेले एक विमान धावपट्टी सोडून टॅक्सीच्या मार्गावरूनच उड्डाणाचा वेग घेऊ लागले. मनोऱ्यातून हाक गेली म्हणून थांबले. त्याच वर्षी २७ मार्चला कलकत्त्यास दोन विमानांचे पंख जमिनीवरच एकमेकांस लागले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. पण १९७७ साली, त्याच तारखेला, टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसे गेली.

त्या वेळी मनोरा आणि एक विमान एकाच क्षणी, एकाच लहरीवर बोलले. दुसऱ्या विमानात पोचली ती नुसती कर्कश शीळ. दोन आवाज भिडले की काय होते, हे गवयाला सांगावे लागत नाही. मन अडखळते ते पुढच्या गोष्टीपाशी. समोरचे विमान बाजूला झाले की नाही, अशी शंका त्या दुसऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनियरने बोलून दाखवली होती. बुजुर्ग कप्तानाने ती झटकून टाकली.

माझे वडील दरबारी गवई. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. साथीदाराने नुसती भुवई उंचावलेली त्यांना खपत नसे. मीही तसाच शिकवू लागलो. एका मैफलीत माझी मात्रा चुकली. तबल्यावरच्या शिष्याला ते कळले. तो गप्प राहिला, आणि सम हुकली. मागाहून विचारले तर म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला कसं सांगणार?" माझी फक्त लाज गेली. विमानात लाजेवर भागत नाही.

टेनेरिफनंतर विमानवाल्यांनी शब्द बांधून घेतले. 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाच्या प्रत्यक्ष परवानगीसाठी राखला. नुसते 'ठीक' पुरत नाही, आज्ञा परत म्हणून दाखवावी लागते. शिवाय धाकट्याने शंका बोलावी आणि थोरल्याने ती ऐकावी, याचेही शिक्षण देतात. गुरूमागून म्हणण्याची रीत आपल्या तालमीत पूर्वीपासून आहे. शंकेला मात्र आपण जागा ठेवली नाही. अशाने शिस्त बिघडेल, असे काही वडीलधारे म्हणतील. मला वाटते, जी शिस्त शिष्याचे तोंड बांधते ती गुरूचेही कान बंद करते.

हल्ली तालमीला बसताना मी मुलांना सांगतो, मात्रा चुकली असे वाटले तर हात वर करा. परवा एका मुलीने केला. चूक तिचीच होती. तरी मी गाणे थांबवले.