वही कुणाच्या हातात?

रूथ ब्राउन ऐकलीय? नसेल तर कुणाकडून तरी रेकॉर्ड मागून आणा. आवाज वर चढतो आणि शब्दाच्या टोकाला मुद्दाम चिरकतो. त्या चिरकण्यावर न्यूयॉर्कची अटलांटिक कंपनी उभी राहिली. हे आमच्या पदरचं नाही. धंद्यातलेच लोक तिला 'रूथनं बांधलेलं घर' म्हणत.

आता बांधणारीला काय मिळालं ते बघू.

जन्म १९२८चा, व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथचा. बाप गोदीत राबायचा. १९४८ साली मोटारीच्या अपघातात पाय मोडले, करारावर सही झाली ती इस्पितळाच्या खाटेवर. १९५०चं 'टीअरड्रॉप्स फ्रॉम माय आइज' रिदम अँड ब्लूजच्या यादीत ११ आठवडे पहिलं. दक्षिणेत गायची तेव्हा श्रोत्यांच्या मधून दोर ताणलेला. इकडे गोरे, तिकडे काळे. ज्यांना नाचवलं त्यांच्याच गावात गोऱ्यांच्या हॉटेलात रात्री खोली नाही.

आणि हिशेब? स्टुडिओचा खर्च, वादकांची मजुरी, सगळं गायिकेच्या नावे टाकायचं आणि तिच्याच रॉयल्टीतून वळतं करायचं. सावकाराची वही, दुसरं काय! साठीत रेकॉर्डी थंडावल्या. मग बाईनं लोकांची घरं झाडली, शाळेची बस चालवली, दोन पोरं वाढवली. पैसे मागितले तर कंपनी म्हणते, तूच आमचं देणं लागतेस.

कुणी म्हणेल, अटलांटिकवाले तर काळ्या संगीताचे वेडे, तिच्या आजारपणाचं बिलही त्यांनी भरलं. भरलं असेल. म्हणून वही बंद ठेवायची?

हॉवेल बेगल नावाचा वकील, लहानपणापासून तिचा चाहता, फी न घेता तिच्या बाजूनं उभा राहिला. १९८८ साली कंपनी ४० वर्षांचा थाटाचा सोहळा करायला निघाली, तेव्हा कुठं नमली. रूथची आणि आणखी कित्येक जुन्या गायकांची खोटी देणी पुसली गेली, रॉयल्टी सुरू झाली. रिदम अँड ब्लूज फाउंडेशनसाठी १५ लाख डॉलर निघाले. पुढच्याच वर्षी ब्रॉडवेवर 'ब्लॅक अँड ब्लू'साठी तिला टोनी मिळालं. २००६ साली ती गेली, तोवर गातच होती.

त्याच कंपनीचा दांडगा गायक बिग जो टर्नर मात्र १९८५ मध्येच मेला होता.