चाचणी लेकरांवर, सही कोणाची?

बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या पूर्वास्पृश्य वस्तीतले आजारी पोर पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या आणि त्याच रोगाने गेल्या. तो दवाखाना हडपसरच्या बाजूला होता. आज हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट मलेरियाची आर-२१ लस बनवते. तिची मोठी चाचणी मात्र बुर्किना फासो, माली, केनिया, टांझानियातील सुमारे ४,८०० लेकरांवर झाली.

चाचणी म्हटले की आपली काही मंडळी 'आमची पोरे म्हणजे उंदीर काय?' म्हणून उठतात. त्यांचा राग खोटा नाही. २००९ साली आंध्रातील खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना एचपीव्ही लस टोचली गेली, तेव्हा पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले.

पण चाचणीच नको, हे आम्हाला मान्य नाही. आफ्रिकेतील ५,४२५ मुलांवर क्विनाइन आणि आर्टेसुनेट यांची तुलना झाली. गंभीर मलेरियातले मृत्यू शंभरात सुमारे अकरावरून साडेआठवर आले, हे २०१० साली सिद्ध झाले. तान्ह्या बाळांना मात्र कुणी तपासलेच नाही. पाच किलोखालच्या बाळांसाठी खास औषधाला पहिली मान्यता मिळाली ती २०२५ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये. तोवर मोठ्या मुलांच्या गोळ्या अंदाजाने तोडून दिल्या जात होत्या. तीही चाचणीच, फक्त कागद नसलेली!

म्हणून आमचे भांडण सहीचे आहे. कायद्याने पालकाची लेखी संमती लागते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. संमतीपत्र गडचिरोलीत गोंडीतून, माडियातून वाचून दाखवणार कोण? आणि बुधवार पेठेतल्या बाईच्या लेकराचे काय? तिथे बापाचे नाव विचारण्याची खोड जुनी आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अविवाहित आईला बापाचे नाव न सांगता पालकत्व मिळू शकते. मग अशा आईची एकटीची सही पुरेशी आहे, असे प्रत्येक नैतिकता समितीने आपल्या कागदावर लिहून ठेवावे. चाचणीत लेकराला इजा झाली तर भरपाईचा धनादेशही त्या आईच्याच नावे निघाला पाहिजे.