भेंडीचे फूल आणि झोपेची गोळी

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या दवाखान्यात एक निवृत्त शिक्षिका येतात. यजमान गेल्यापासून दर महिन्याला त्यांची फेरी ठरलेली आणि तक्रारीही ठरलेल्या. झोप लागत नाही, छातीत धडधडते, हातपाय गळून जातात. मुलगा पुण्याला, घरात त्या एकट्या. कार्डिओग्राम झाला, थायरॉईड झाले, साखर झाली, सगळे ठीक. त्या दिवशी नाडी पाहताना मला त्यांच्या नखांच्या कडा पिवळ्या दिसल्या. सवयीने मी आधी डोळे तपासले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, कावीळ नाही. बहावा आहे.”

झाले होते असे. सुट्टीत आलेली नात जाताना दोन कोरे कॅनव्हास आणि रंगाच्या अर्ध्या नळ्या ठेवून गेली. एका दुपारी भेंडी चिरताना बाईंना आठवले की, वर्गातल्या मुलांकडून आपण भेंडीचे ठसे करून घेत होतो. त्यांनी एक भेंडी आडवी कापली, रंग लावला आणि कॅनव्हासवर टेकवली. पाच पाकळ्यांचे फूल उमटले. मग दुसरे, मग दहावे. दुसऱ्या दिवशी कान कोरायच्या कापसाच्या काड्या घेऊन अंगणासमोरचा बहावा झाला. “चार कधी वाजले, कळलंच नाही,” असे त्या म्हणाल्या. गेल्या दीड वर्षात त्यांच्या तोंडून हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो. दुपार खायला उठते, हीच तर त्यांची मुख्य तक्रार होती.

आता माझी चूक सांगतो. या बाईंना मी झोपेची गोळी ‘फक्त पंधरा दिवस’ म्हणून लिहून दिली होती. बाहेर बाकावर वीस माणसे बसलेली असतात. गोळी लिहायला अर्धा मिनिट लागतो; ‘दिवसभर काय करता?’ हे विचारायला आणि उत्तर ऐकायला अर्धा तास लागतो. मी अर्धा मिनिट निवडत गेलो आणि पंधरा दिवसांचे दीड वर्ष झाले. या गोळ्यांची सवय लागते, उतारवयात तोल जाऊन पडण्याची भीती वाढते, विसराळूपणा वाढतो. हे सगळे मला ठाऊक होते, तरीही.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. गणपतीत बाईंचा मुलगा गावी आला. स्वयंपाकघरात कॅनव्हास, रंगाने माखलेला काटा आणि जुना कंगवा पाहून तो म्हणाला, “आई, हे काय बालवाडीतलं काढलंस?” मनात काही वाईट नव्हते; आपण घरातल्या माणसांना हसतो तसा तो हसला. कॅनव्हास माळ्यावर गेले. पुढच्या महिन्यात बाई आल्या त्या गोळी वाढवून मागायला.

माझे म्हणणे या एका प्रसंगात आले. मोठ्या माणसाने फावल्या वेळात फुले रंगवावीत, यात पोरकटपणा कसला? पोरकट असेल तर त्याला हसणे. आपल्याकडे निवृत्त माणसाने पारायण केले, बागेत फेऱ्या मारल्या, पेपरातले शब्दकोडे सोडवले, तर ते शोभते. त्याने रंगात हात घातला की मात्र घर हसते. आणि घराच्या आधी माणूस स्वतःच स्वतःला हसतो. “मला कुठे चित्रकला येते?” असे म्हणतो.

या वाक्याचे मूळ शाळेत आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांनी अनेकांना चित्रकलेची गोडी लावली हे खरे, पण बाकीच्यांच्या मनात हातात ब्रश आला की गुण मिळणार, ही धास्तीही बसवली. म्हणून मी घरगुती साधनांचा आग्रह धरतो. काट्याने किंवा भेंडीने चित्र काढण्यात कोणी नापास झालेले नाही. तिथे ‘चांगले’ आणि ‘वाईट’ आधीपासून ठरलेले नसते, त्यामुळे हात मोकळा होतो.

याला शास्त्राचा आधार किती, असे कोणी विचारील. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन, कलांचा आरोग्याला उपयोग होतो असा अहवाल दिला. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ मधील एका अभ्यासात ३९ निरोगी प्रौढांना ४५ मिनिटे रंग, माती, कागद यांच्याशी मनासारखे खेळू दिले. त्यानंतर सुमारे पाऊणशे टक्के लोकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, कमी झालेले आढळले. आधी चित्रकला शिकलेले आणि न शिकलेले यांत फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता; म्हणून त्याचा डांगोरा पिटू नये. पण कला न शिकलेल्यालाही लाभ होऊ शकतो, एवढा दिलासा त्यातून घ्यायला हरकत नाही.

आता करायचे कसे? बाजारात पांढरा लेप दिलेला तयार कॅनव्हास मिळतो. आठ बाय दहा इंचांचा पुरे. पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक रंग घ्या. लाल, पिवळा, निळा, हिरवा, पांढरा एवढे पाच बस्स. एक जुनी ताटली, पाण्याचा डबा, फडके. प्रथम स्पंजाच्या तुकड्याने पार्श्वभूमी थोपटून घ्या आणि वाळू द्या. पातळ थर पंधरा-वीस मिनिटांत वाळतो. पुठ्ठ्याच्या पट्टीची कड रंगात बुडवून टेकवली की देठ तयार होतो. झेंडूसाठी काट्याची टोके रंगात बुडवून बाहेरच्या वर्तुळापासून आत आत उठवत या. बहाव्यासाठी कापसाच्या काडीने पिवळे ठिपके द्या. घोस वर दाट, खाली निमुळता आणि टोकाला बारीक कळ्या. सदाफुलीसाठी भेंडी आहेच. फक्त कापल्यावर ती बुळबुळीत असते, म्हणून फडक्याने टिपून दहा मिनिटे ठेवा. रंगात बुचकळू नका, स्पंजाने वर लावा आणि पहिला ठसा रद्दी कागदावर घ्या. थंड पेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीचा तळ पाहा. बहुधा त्यालाही पाच पाकळ्या असतात. जरा मोठे फूल हवे असेल तर तो वापरा. चुकले तर वाळल्यावर त्यावर दुसरा रंग चढवा. आयुष्यातल्या फार थोड्या चुकांना ही सोय आहे.

ज्यांची बोटे नीट चालत नाहीत, त्यांच्यासाठी तर ही साधने अधिक सोयीची. संधिवात, अर्धांगवायूनंतरचा अशक्त हात, वयाने आलेला कंप, यांत बारीक ब्रशची दांडी धरवत नाही. काट्याच्या किंवा चमच्याच्या दांड्याला जुने फडके गुंडाळून जाड करा, पकड येते. स्पंज तर मुठीत मावतो. फ्रान्सचा थोर चित्रकार रेन्वार याची बोटे संधिवाताने वाकडी झाली होती, हातांना पट्ट्या बांधाव्या लागत. तरीही १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो रंगवत राहिला. अर्धांगवायूच्या रुग्णाला ‘चेंडू दाबा’ म्हटले तर तो दोन दिवसांत कंटाळतो. त्याच हाताने झेंडू उठवायला सांगून पाहा. अर्थात फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम चालू ठेवूनच.

काही पथ्ये पाळावीत. रंगासाठी वापरलेला काटा, चमचा, ताटली पुन्हा जेवणात आणू नये. कितीही घासली तरी नाही. काही रंगांत अपायकारक धातू असू शकतात, म्हणून रंगवताना खाऊ नये आणि काडीचे टोक ओठांत धरू नये. तैलरंग वापरणाऱ्यांच्या घरी टर्पेंटाइन असते. ते थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. अशा बाटलीतले रॉकेल प्यायलेली मुले मी पाहिली आहेत, आणि टर्पेंटाइनही तितकेच घातक. मूल चुकून प्यायले तर उलटी करवू नका, कारण ते फुप्फुसात उतरते. थेट रुग्णालय गाठा.

सर्वांत मोठे पथ्य हे, की हा लेख वाचून कोणीही आपली गोळी परस्पर बंद करू नये. रक्तदाबाची, मधुमेहाची तर नाहीच. झोपेची गोळी बरेच दिवस घेतली असेल तर तीही एकदम थांबवू नये. झटके येण्यापर्यंत मजल जाते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. आणि मन सतत उदास असेल, खाणेपिणे नकोसे होत असेल, जगणे नको वाटत असेल, तर तो आजार आहे. त्याला उपचार आहेत; तिथे नुसत्या फुलांवर विसंबू नये.

बाईंचे पुढे काय झाले? मी त्यांच्या मुलाला फोन केला. रागावलो नाही, फक्त आई किती गोळ्या घेते आणि कधीपासून घेते, ते सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. दिवाळीला आला तेव्हा त्याने स्वतः माळ्यावर चढून कॅनव्हास खाली काढले. त्यानंतर आम्ही गोळी आधी पाऊण, मग अर्धी, मग पाव, अशी चार महिन्यांत बंद केली. झोप अजूनही कधी कधी मोडते. एकटेपण गेलेले नाही, ते कोणत्या रंगाने जाणार? पण दुपारचे दोन तास त्यांचे स्वतःचे झाले आहेत.

मीही एका रविवारी काट्याने झेंडू काढून पाहिला. शाळेत असताना मी इंटरमिजिएटला नापास झालो होतो. घरच्यांनी चित्र निरखून विचारले, “कांदाभजी का?” सगळे हसले, मीही हसलो. फरक इतकाच, की दुसऱ्या रविवारी मी पुन्हा बसलो.