पुढे पाठवणाराही गुन्ह्यात सामील

२०१५ साली अनुराग कश्यप यांच्या एका लघुपटातल्या राधिका आपटे यांच्या दृश्याचा काही सेकंदांचा तुकडा फुटला आणि मोबाइलवरून देशभर फिरला. कश्यप यांनी मुंबई पोलिसांकडे तक्रार केली. पुढे एका मुलाखतीत राधिका यांनी सांगितलं, की तेव्हा चार दिवस त्यांना घराबाहेर पडता आलं नव्हतं. माध्यमं काय म्हणतात हे त्याचं कारण नव्हतं. त्यांच्या ड्रायव्हरने आणि वॉचमनने त्यांना त्या चित्रांवरून ओळखलं होतं. त्या वॉचमनने काही चोरलं नव्हतं. त्याच्यापर्यंत तो तुकडा कुणीतरी ओळखीच्याने पोचवला. आपण चोराला शिव्या देतो आणि या पोचवणाऱ्याला सोडून देतो. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

‘पडद्यावर कपडे उतरवले, मग तक्रार कसली?’ हा प्रश्न बार्शीच्या चहाच्या टपरीवरही विचारला जातो. त्याचं उत्तर कायद्यात आहे. चित्रण संमतीने झालं, पण ते इतरांना दाखवायला संमती नव्हती, तर दाखवणं हा गुन्हा आहे, असं भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्त्रीच्या खासगी क्षणांबाबत सांगतं. एखादीने नवऱ्यासाठी स्वतःचा फोटो काढला म्हणजे तो गावाला वाटला, असं होत नाही. ‘मी अपलोड केलं नाही, आलेलं नुसतं पुढे ढकललं’ ही सबबही टिकत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई कुणाच्याही गुप्तांगांचं चित्र संमतीविना टिपणाऱ्याला, प्रसिद्ध करणाऱ्याला आणि पाठवणाऱ्याला एकाच ओळीत बसवतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणीतरी ते पाहावं या हेतूने पाठवणं, एवढंच तिथे पुरेसं आहे.

हजारोंना पकडणार कसं, हा आक्षेप मात्र खरा आहे. सगळ्यांना पकडता येणार नाही, पकडूही नये. शाळकरी पोराने अजाणतेपणी केलेली चूक आणि तीन ग्रुपांवर चवीने पसरवणं यांत फरक करावाच लागेल. पण नटीच्या बाबतीत लागलेली सवय तिच्यापाशी थांबत नाही. तालुक्याच्या गावात मुलीचा फोटो फिरला, तर तो पाहणारे तिच्या कॉलेजातले, गल्लीतले, भावकीतले असतात. मुंबईतली अभिनेत्री निदान वकील करू शकते. इथल्या मुलीचं आधी कॉलेज सुटतं, मग घाईने लग्न उरकलं जातं, आणि घरचेच तक्रार करू देत नाहीत. म्हणून अशी तक्रार बार्शीच्या ठाण्यात किंवा सोलापूर ग्रामीणच्या सायबर पोलिसांकडे आली, तर तपास पहिल्या आरोपीवर संपवू नये. ज्या ग्रुपांवर ते चित्र गेलं, तिथे ते टाकणाऱ्यांचे जबाब घ्यावेत आणि त्यांची नावं आरोपपत्रात यावीत.