शाळेचे दार सर्वांत शेवटी बंद व्हावे, सर्वांआधी उघडावे!

महामारीच्या काळात एखाद्या राज्यव्यवस्थेने कोणते दार आधी उघडले आणि कोणते सर्वांत शेवटी, यावरून तिच्या लेखी कोणाचे मोल किती आहे हे बिनचूक कळते. महाराष्ट्रात उपाहारगृहे आणि मद्यालये ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने सुरू झाली. पहिली ते चौथीच्या वर्गांचे दार उघडण्याचा मुहूर्त निघाला १ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे जवळजवळ चौदा महिन्यांनी. मुंबईत त्यालाही आणखी दोन आठवडे लागले. जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ जानेवारीपासून त्या पुन्हा उघडू देण्यात आल्या. युनेस्कोच्या मोजणीप्रमाणे भारतातील शाळा पूर्णतः वा अंशतः मिळून ८२ आठवडे बंद राहिल्या. इतका प्रदीर्घ काळ शाळा बंद ठेवणारे देश जगात अगदी मोजके आहेत.

आज हा विषय पुन्हा काढण्याचे कारण उघड आहे. पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही, पण ती येणार याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद नाही. असे असताना शाळा सुरक्षितपणे कशा चालवाव्यात, याची वस्ती आणि वॉर्ड पातळीवरची तयार योजना ना उत्तर प्रदेशात दिसते, ना महाराष्ट्रात. २०२० मध्ये परिपत्रकांवर परिपत्रके निघाली. ती निघाली तशीच आज दप्तरात पडून आहेत.

परिपत्रक आणि मोहल्ला

काशीच्या पक्क्या महालातील दूधविनायक हा मराठी कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मोहल्ला. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगेच्या परिसरात पेशवाईपासून स्थिरावलेल्या या मराठी समाजाने बाबूराव विष्णु पराडकरांसारखा थोर संपादक हिंदी पत्रसृष्टीला दिला. येथील गल्ल्या इतक्या अरुंद की मोटार आत शिरत नाही. घरे एकमेकांना खेटून उभी, मजल्यावर मजला चढलेला, एकाच घरात अनेक बिऱ्हाडे. अशा वस्तीला ‘सहा फुटांचे अंतर राखा’ आणि ‘मुलांना घरात सुरक्षित ठेवा’ असे बजावण्यात आले. ज्या घरात खोली एक आणि माणसे सात, तेथे घरात राहणे म्हणजे सुरक्षित राहणे नव्हे, हे समजण्यास वैद्यकशास्त्राची पदवी लागत नाही.

आकडेही हेच सांगतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये केलेल्या चौथ्या देशव्यापी रक्तचाचणी पाहणीत ६ ते ९ वर्षांच्या ५७.२ टक्के आणि १० ते १७ वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. या वयाच्या मुलांना तोवर लस मिळालेली नव्हती. याचा अर्थ असा की शाळा बंद असतानाच निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला होता. विषाणू घरात आला, बाजारातून आला, गल्लीतून आला. बंद राहिली ती फक्त शाळा.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद करणे चुकीचे होते, असे आम्ही म्हणत नाही. रोग नवा होता, त्याच्या फैलावाची रीत नीट ज्ञात नव्हती, रुग्णालये सज्ज नव्हती. त्या क्षणी दार लावून घेणे हा समंजसपणाच होता. आमचा आरोप पुढच्या दीड वर्षाबद्दल आहे. बंदीने जो वेळ मिळवून दिला त्यात वर्गाच्या खिडक्या रुंद करता आल्या असत्या, नळ आणि स्वच्छतागृहे बांधता आली असती, शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरता आल्या असत्या. ही कामे झाली नाहीत. बंदी हीच योजना ठरली.

मोबाइलची शाळा कोणाची?

‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही घोषणा महाराष्ट्रात दुमदुमली. प्रत्यक्षात शिक्षण कोणाचे सुरू होते? ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब कुटुंबांच्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले होती केवळ ८ टक्के, शहरी भागात २४ टक्के. ग्रामीण मुलांपैकी ३७ टक्के मुले मुळीच शिकत नव्हती. पुढे ‘असर’च्या २०२२ च्या अहवालाने देशाचे चित्र समोर मांडले. ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली.

ज्याच्या घरी स्वतंत्र खोली, संगणक आणि शिकवणीचे पैसे होते, त्याचे वर्ष फारसे बुडाले नाही. ज्याच्या घरी एकच मोबाइल आणि तोही बाप कामावर नेणार, त्याचे सर्वस्व बुडाले. साथीने वर्गभेद निर्माण केला नाही. तो होताच. राज्यकर्त्यांच्या नियोजनशून्यतेने तो मुलांच्या पाटीवर कोरला.

उघडण्याचा क्रमही पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रात २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावी, २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवी, आणि चिमुकली मुले सर्वांत शेवटी. वास्तविक आयुर्विज्ञान परिषदेच्या प्रमुखांनीच जुलै २०२१ मध्ये लहान मुले या विषाणूला अधिक चांगले तोंड देतात, म्हणून प्राथमिक शाळा आधी उघडणे शहाणपणाचे ठरेल, असे सांगितले होते. अक्षरओळखीच्या वयातील मुलाला शिक्षकाच्या सहवासाची गरज सर्वाधिक आणि मोबाइलचा उपयोग सर्वांत कमी. तरीही क्रम ठरला तो बोर्डाच्या परीक्षेच्या हिशेबाने.

वर्ग असुरक्षित, मतदान केंद्र सुरक्षित!

उत्तर प्रदेशाची कहाणी याहून भीषण आहे. तेथे प्राथमिक वर्ग १ मार्च २०२१ रोजी उघडले आणि त्याच महिन्यात पुन्हा बंद झाले. दुसरी लाट उसळली होती. हरिश्चंद्र आणि मणिकर्णिका घाटांवर चितांना जागा अपुरी पडत होती. अशा एप्रिल महिन्यात चार टप्प्यांत पंचायत निवडणुका घेण्यात आल्या. ज्या इमारती तीस मुलांसाठी धोक्याच्या ठरल्या होत्या, त्याच इमारतींत मतदारांच्या रांगा लावण्यात आल्या, आणि ज्या शिक्षकांना वर्गात जाण्यास मनाई होती त्यांनाच मतपेट्या घेऊन पाठवण्यात आले.

उत्तर प्रदेश प्राथमिक शिक्षक संघाने मे २०२१ मध्ये कोरोनाने दगावलेल्या १,६२१ शिक्षक व शिक्षण कर्मचाऱ्यांची यादी सरकारपुढे ठेवली. शिक्षण विभागाने उत्तर दिले की, निवडणूक कामावर असताना मृत्यू झाला तो केवळ तिघांचा. घरातून निघाल्यापासून घरी परतेपर्यंत प्राण गेला तरच तो कामावरचा मृत्यू, असा हा हिशेब होता. संसर्ग होऊन मृत्यू येण्यास दिवस लागतात, हे ठाऊक असूनही तो मांडण्यात आला. शिक्षक संघटनांनी आवाज उठवल्यावर नियम बदलावा लागला आणि कामानंतर ३० दिवसांच्या आतील मृत्यूही भरपाईस पात्र धरण्यात आले. संघटित दबावावाचून हे घडले नसते.

लसीकरणाची मोहीम १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. शिक्षकांसाठी खास मात्रा राज्यांना देण्याची घोषणा झाली ती ऑगस्ट २०२१ अखेर. शिक्षक हा अत्यावश्यक सेवेचा घटक आहे, हे जनगणनेच्या, निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या वेळी सरकारला नेमके आठवते. लस देण्याच्या वेळी मात्र त्याचा विसर पडतो.

इतिहास काय सांगतो

१८९७ च्या प्लेगमध्ये ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा केला. घरात शिरण्याचे, माणसे हलवण्याचे, व्यवहार बंद पाडण्याचे अमर्याद अधिकार त्याने अधिकाऱ्यांना दिले. औषध, अन्न वा निवारा पुरवण्याचे बंधन मात्र सरकारवर घातले नाही. त्याच वर्षी १० मार्च रोजी, पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला. या देशातील मुलींच्या शिक्षणाचा पाया घालणारी शिक्षिका साथीत जनतेजवळ उभी होती आणि सरकार दंडुका घेऊन उभे होते. २०२० मध्ये टाळेबंदीसाठी जे कायदे वापरले गेले, त्यात १८९७ चा तो कायदा होताच.

जगात दुसरी उदाहरणे नाहीत असे नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात न्यूयॉर्क शहराने आपल्या सार्वजनिक शाळा चालू ठेवल्या. सुमारे दहा लाख विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य मुले कामगारांच्या कोंदट चाळींत राहत होती. त्यांना तेथे डांबण्यापेक्षा हवेशीर वर्गात, रोज डॉक्टर आणि परिचारिकांच्या नजरेखाली ठेवणे अधिक सुरक्षित, असा आरोग्य खात्याचा विचार होता. हा विचार अमलात येऊ शकला, कारण शाळांतून वैद्यकीय तपासणीची व्यवस्था त्या शहरात साथीपूर्वीच उभी होती. दूधविनायकातील घरांना हा युक्तिवाद तंतोतंत लागू पडतो. उणीव आहे ती शाळेतील परिचारिकेची.

केरळने १ जून २०२० पासून सरकारी दूरचित्रवाणी वाहिनीवरून इयत्तावार पाठ सुरू केले. १ नोव्हेंबर २०२१ रोजी तेथे शाळा उघडल्या तेव्हा मुलांचे छोटे गट आणि आळीपाळीचे दिवस आधीच ठरलेले होते. निर्बंधांनी पिळून काढलेल्या क्यूबाने स्वतःची लस तयार करून सप्टेंबर २०२१ पासून दोन वर्षांवरील मुलांनाही ती देण्यास प्रारंभ केला आणि मग टप्प्याटप्प्याने वर्ग उघडले. सोलापुरात नीलमनगरच्या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. हा उपक्रम निःसंशय गौरवास्पद आहे. परंतु शिक्षकांच्या कल्पकतेवर आणि पदरमोडीवर राज्याने आपली जबाबदारी ढकलावी, हे लाजिरवाणे आहे.

लहान शाळा मोडू नका

आणि आज काय चालले आहे? साथीच्या काळात खासगी शाळांची फी न परवडल्याने लाखो मुले सरकारी शाळांत आली. ‘असर’नुसार ग्रामीण भागात ६ ते १४ वयोगटातील सरकारी शाळेतील मुलांचे प्रमाण २०१८ मधील ६५.६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ७२.९ टक्क्यांवर गेले. अडचणीच्या वेळी जनतेला आधार कोणाचा वाटतो, याचा हा निर्वाळा होता. त्याला उत्तर म्हणून महाराष्ट्रात २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवण्यात आले, आणि उत्तर प्रदेशात जून २०२५ मध्ये कमी पटाच्या शाळा शेजारच्या शाळेशी जोडण्याचा आदेश निघाला.

घराजवळची, थोड्या मुलांची शाळा ही साथीत सर्वांत सुरक्षित शाळा असते. तेथे गर्दी नसते, वाहनाचा प्रवास नसतो, आजारी मुलाचे घर शिक्षकाला ठाऊक असते. तीच शाळा खर्चाच्या नावाखाली मोडून मुलांना एका इमारतीत कोंबणे म्हणजे पुढच्या साथीत पुन्हा टाळे लावण्याची आजच केलेली तरतूद होय.

योजना कशी असावी

म्हणून पालकांनी, शिक्षक संघटनांनी आणि सर्व पुरोगामी शक्तींनी पुढील मागण्या आग्रहाने मांडल्या पाहिजेत.

पहिली, साथीत शाळा सर्वांत शेवटी बंद होतील व सर्वांआधी, प्राथमिक वर्गांपासून, उघडतील, हे तत्त्व कायद्याने मान्य करावे. बंदी घालायची झाल्यास ती त्या त्या वॉर्डातील वा गावातील प्रादुर्भाव पाहून, ठरावीक मुदतीची असावी.

दुसरी, प्रत्येक शाळेच्या हवा, पाणी आणि स्वच्छतागृहांची तपासणी करून दुरुस्तीला निधी द्यावा. हा रोग मुख्यतः कोंदलेल्या हवेतून पसरतो. समोरासमोरच्या उघड्या खिडक्या हे त्यावरचे स्वस्त आणि खात्रीचे साधन आहे. दूधविनायकासारख्या दाट वस्तीत जेथे शाळेला अंगण नाही, तेथे धर्मशाळा, मठ, सभामंडप आणि उद्याने वर्गांसाठी मिळण्याची व्यवस्था आधीच लिहून ठेवावी.

तिसरी, शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी घालून दिलेले तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण पाळून रिक्त पदे कायमस्वरूपी भरावीत. शिक्षक अपुरे असतील तर लहान गटांची भाषा पोकळ ठरते.

चौथी, शाळा व्यवस्थापन समिती, शिक्षक प्रतिनिधी, आशा कार्यकर्ती आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांनी मिळून योजना करावी आणि दर वर्षी तिची उजळणी व्हावी. प्रत्येक शाळेला परिचारिकेची नियमित भेट मिळावी.

पाचवी, मध्यान्ह भोजन कोणत्याही परिस्थितीत थांबता कामा नये. १८ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला या प्रश्नाची स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. पुढे कोरडे धान्य हाती ठेवले गेले, पण शिजवलेल्या ताटाची जागा ते घेऊ शकत नाही.

सहावी, साथीच्या कामावर पाठवलेल्या शिक्षकाला लसीत प्राधान्य, विमा आणि संरक्षक साधने मिळावीत. सुरक्षिततेवाचून काम नाकारण्याचा त्याचा अधिकार मान्य व्हावा.

यातील एकही मागणी अवाढव्य खर्चाची नाही. खिडकी, नळ, परिचारिका, शिक्षक आणि एक वेळचे गरम अन्न या गोष्टी साथ नसतानाही प्रत्येक मुलाच्या हक्काच्या आहेत. त्या आज मिळाल्या तर उद्या शाळेला टाळे लावण्याची वेळ क्वचितच येईल. त्या मिळवण्यासाठी साथीची वाट पाहणे कष्टकरी जनतेला परवडणारे नाही. येत्या अर्थसंकल्पातच त्यांची तरतूद झाली पाहिजे, आणि ती होईपर्यंत हा आवाज थांबता कामा नये.