सायकलचा द्राविडी प्राणायाम



गेल्या रविवारी वर्ग सुटल्यावर आमच्या चिरंजीवांनी पार्किंगमध्येच एक बेत जाहीर केला. घरच्या विजेच्या सायकलला मागे कॅरियर, कॅरियरवर छोटा पेट्रोल जनरेटर आणि त्याची तार चार्जरला. "बाबा, मग वीज गेली तरी आपली सायकल बंद पडणार नाही!" मुलांनी टाळ्या पिटल्या, दोन पालकांनीही मान डोलावली. आम्हाला मात्र आपल्याकडची लग्नाची वरात आठवली : पुढे डोक्यावर दिवे घेतलेली माणसे आणि मागे हातगाडीवर धडधडणारा जनरेटर.

बेत अगदीच वेडगळ नाही. भारतातल्या रेल्वेचे डिझेल इंजिन हेच तर करते. डिझेलवर जनरेटर फिरतो आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी. पण हजारो अश्वशक्ती गिअरमधून चाकांपर्यंत नेणे फार अवघड, म्हणून रेल्वेला हा वळसा परवडतो. सायकलला परवडतो का? आम्ही पेशाने इंजिनिअर, कागद-पेन्सिल घेतली.

आमच्या सायकलची बॅटरी ४८ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची, म्हणजे ४८० वॉट-तास. चार्जर सुमारे १०० वॉट घेतो, म्हणून ती भरायला पाच तास लागतात. २,००० वॉटच्या आसपासचा छोटा जनरेटर पाव भारावर साधारण एक गॅलन पेट्रोलमध्ये आठ तास चालतो. भार आणखी कमी केला तरी इंजिन फिरतच राहते, त्यामुळे पेट्रोल त्या प्रमाणात वाचत नाही. आमच्या अंदाजाने पाच तासांत एक तृतीयांश ते अर्धा गॅलन जाईल. गॅलनभर पेट्रोलमध्ये सुमारे ३३,७०० वॉट-तास ऊर्जा असते. कमीत कमी धरले तरी ११,००० जाळून हाती आले ४८०. शंभरातले जेमतेम चार! त्यावर सायकल जाणार पंचवीस-तीस मैल, तेही पायडल मारत. तेवढ्याच पेट्रोलवर किनेटिकची १९७२ साली आलेली लूना याहून पुढे गेली असती. याला म्हणतात चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पण पैशापेक्षा मोठ्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे, २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळ आले, तेव्हा जर्सी सिटीत कित्येक घरे दिवसेंदिवस अंधारात होती. अनेक पंपांवर पेट्रोल होते, पण ते उपसायला वीज नव्हती. ३ नोव्हेंबरपासून हडसनसह १२ काउंट्यांत गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम दिवशी पेट्रोल मिळू लागले. लोक लाल डबे घेऊन रांगेत उभे होते. ज्या दिवशी जनरेटरची गरज, नेमकी त्याच दिवशी पेट्रोलची मारामार!

दुसरी गोष्ट जिवाची. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. सँडीनंतर न्यू जर्सीतही या धुराने माणसे दगावली. जनरेटर घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून निदान वीस फूट दूर हवा. तळघरात, गॅरेजमध्ये किंवा पोर्चवर कधीही नाही. इथे तर भिंतीला भिंत लागलेली घरे. आपल्या खिडकीपासून वीस फूट सरकवला, की शेजाऱ्यांच्या खिडकीखाली गेलाच म्हणून समजा.

तेव्हा आमचे मत असे. फ्रिजसाठी किंवा आजीच्या इन्सुलिनसाठी जनरेटर बाहेर सुरक्षित जागी चालू असेलच, तर सायकलचा चार्जर खुशाल त्याला जोडा. जास्तीचे पेट्रोल फारसे लागणार नाही. नुसत्या सायकलसाठी मात्र जनरेटर घेऊ नये, चालवूही नये. वादळाची सूचना आली की आदल्या दिवशीच बॅटरी भरून ठेवावी. तीही कंपनीच्याच चार्जरने, सगळे जागे असताना आणि बाहेर पडायच्या दारापासून दूर. पलीकडच्या न्यूयॉर्क शहरात २०२३ साली लिथियम बॅटऱ्यांच्या आगींत १८ माणसे गेली, हे आपण पालकांनी विसरू नये.

हा सारा हिशोब चिरंजीवांपुढे ठेवला. ते थोडे हिरमुसले. मग त्यांनीच विचारले, "पण बॅटरी संपलीच तर?" आम्ही लूनाची गोष्ट सांगितली. पेट्रोल संपले की लूनाचे पायडल मारत घरी यावे लागे, आणि माणसे येत. चिरंजीव सायकलकडे पाहून म्हणाले, "अरेच्चा, पायडल तर हिलाही आहेत!"

बालमित्रांनो, आता तुमच्यासाठी गृहपाठ. घरातल्या एखाद्या बॅटरीवरचे व्होल्ट आणि अँपिअर-तास वाचा, गुणाकार करा आणि उत्तर पुढच्या रविवारी वर्गात मराठीतून सांगा. पालकहो, आमचे मत पटले नसेल तर तेही अवश्य लिहून पाठवा.